अंगणातल्या पक्ष्यांसाठी सुपरझूम: ६० पट, ८३ पट की १२५ पट?

सुपरझूम म्हणजे खूप लांबचं जवळ आणणारं, न निघणारं भिंग असलेला कॅमेरा. त्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक आकडा असतो तो झूम किती पट याचा. पक्ष्यांसाठी पहिलाच कॅमेरा घेणारा साहजिकच त्यावरून ठरवतो: ६० पेक्षा ८३ चांगला, ८३ पेक्षा १२५ आणखी चांगला. अंगणापुरता विचार केला तर या आकड्याआधी दुसरा एक आकडा हातात हवा. तुम्ही जिथे बसणार आणि पक्षी जिथे उतरतात, त्या दोन जागांमधलं अंतर टेपने मोजून घ्या. कॅमेऱ्याची निवड निम्मी तिथेच होते.

चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंटिमीटर. ३६ ला (३५ मिमी फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिमी असते) झूमच्या मिलिमीटरने भागलं आणि अंतराने गुणलं, की त्या अंतरावर फोटोच्या चौकटीत किती रुंदी मावेल ते कळतं. खालच्या तक्त्यात १० मीटर अंतर धरलं आहे. झूमचे आकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने आहेत.

| कॅमेरा | पूर्ण झूम | १० मीटरवर चौकटीची रुंदी | पूर्ण झूमवर भिंगाचा व्यास |
|---|---|---|---|
| पॅनासॉनिक एफझेड३३० | ६०० मिमी | ६० सेंमी | ३९ मिमी |
| पॅनासॉनिक एफझेड८२ / ८२डी | १२०० मिमी (६० पट) | ३० सेंमी | ३६ मिमी |
| कॅनन एसएक्स७० | १३६५ मिमी | २६ सेंमी | ३८ मिमी |
| निकॉन पी९५० | २००० मिमी (८३ पट) | १८ सेंमी | ५५ मिमी |
| निकॉन पी१००० | ३००० मिमी (१२५ पट) | १२ सेंमी | ६७ मिमी |

म्हणजे १० मीटरवरची चिमणी पी१००० च्या पूर्ण झूममध्ये मावतच नाही. पी९५० मध्ये ती चौकट भरून टाकते. एफझेड८२ मध्ये निम्मी चौकट व्यापते, पण तोच कॅमेरा घेऊन ५ मीटरवर बसलात तर त्यातही ती पूर्ण चौकट भरते.

शेवटचा रकाना जाहिरातीत कधी दिसत नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो, हे या व्यासावर ठरतं. तो काढायला दुकानदाराला विचारावं लागत नाही. भिंगाच्या कडेवर दोन जोड्या छापलेल्या असतात, उदाहरणार्थ पी९५० वर ४.३-३५७ मिमी आणि १:२.८-६.५. पहिली जोडी भिंगाच्या खऱ्या मिलिमीटरची, तक्त्यातल्या फिल्मच्या हिशेबाची नव्हे; दुसरी ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट किती उघडते याची. मोठ्या मिलिमीटरला मोठ्या ॲपर्चरच्या आकड्याने भागायचं: ३५७ भागिले ६.५, उत्तर ५५. एफझेड८२ चं हेच गणित २१५ भागिले ५.९, म्हणजे ३६. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे त्याच जागेवरून त्याच चिमणीचा सव्वादोनपट प्रकाश पी९५० गोळा करतो. पिसांचा बारीक पोत दिसतो की फोटोत नुसता रवाळपणा येतो, हे बरंचसं यावरच अवलंबून असतं. या पाचही कॅमेऱ्यांचा सेन्सर सारख्याच आकाराचा, १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ मिमी रुंदीचा आहे. त्याला प्रकाश कमी पडला की लगेच दिसतं.

मात्र अंतर निम्मं केलं तर प्रकाश चौपट होतो. पाण्याची उथळ थाळी १० मीटरवरून ५ मीटरवर आणली, तर एफझेड८२ ला मिळणारा प्रकाश १० मीटरवरच्या पी९५० पेक्षा जास्त भरतो. म्हणून ज्यांच्याकडे स्वतःचं अंगण किंवा गच्ची आहे, थाळी कुठे ठेवायची हे ज्यांच्या हातात आहे, त्यांना मी एफझेड८२ किंवा तिची २०२४ ची सुधारित आवृत्ती एफझेड८२डी सुचवेन. दोघींत निवडायची वेळ आली तर ८२डी घ्या. मूळ ८२ चा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, इतका बारीक आणि भरड आहे की डोळ्यावर फोकस बसला की फांदीवर, हे कळत नाही. ८२डी मध्ये ती अडचण दूर झाली आहे.

खिडकीतून किंवा वरच्या मजल्यावरून समोरच्या झाडावर नेम धरायचा असेल, तर अंतर तुमच्या हातात राहत नाही. १५-२० मीटरवरच्या झाडासाठी पी९५० इतका योग्य कॅमेरा या गटात दुसरा नाही. तो २०२० साली आला. आधीच्या पी९०० मध्ये नसलेलं रॉ स्वरूप (सेन्सरची माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवणारी फाइल) आणि खूपच स्पष्ट व्ह्यूफाइंडर त्यात आहे. वजन मात्र एक किलो.

पी१००० चं आकर्षण मी समजू शकतो. चंद्रावरची विवरं त्यात बघण्यासारखी दिसतात. पण अंगणासाठी तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. वजन १,४१५ ग्रॅम, आणि त्याहून अडचणीची बाब म्हणजे पूर्ण झूमवर तो सुमारे ७ मीटरच्या आतलं काही फोकस करत नाही. पी९५० ला हीच मर्यादा सुमारे ५ मीटरची आहे. थाळी ४ मीटरवर असेल तर दोन्ही निकॉनमध्ये झूम मागे घ्यावा लागतो, म्हणजे ज्यासाठी ते वजन सोसलं तेच वापरता येत नाही. लांबच्या पक्ष्यांसाठीही ३००० मिमीचा फायदा वाटतो तेवढा होत नाही. उन्हं चढल्यावर तापलेली हवा थरथरते आणि झूम पक्ष्याइतकीच ती थरथरही मोठी करून दाखवतो.

कॅनन एसएक्स७० ची गोष्ट वेगळी. आकड्यांत तो एफझेड८२ च्या अगदी जवळ आहे, पण त्याचा पडदा बाहेर काढून हवा तसा वळवता येतो. जमिनीवर टिपणारे पक्षी उभ्याने टिपले की फोटोत पाठ आणि गवत तेवढं येतं. कॅमेरा जमिनीलगत ठेवून, पडदा वर वळवून फोटो घेतला की पक्षी डोळ्याला डोळा भिडवून बघतो. एफझेड८२ चा पडदा एका जागी घट्ट आहे. ज्यांना गुडघे टेकून किंवा पोटावर झोपून बसणं शक्य नाही, त्यांनी केवळ या एका कारणासाठी ६१० ग्रॅमचा हा कॅनन निवडला तरी मी त्यांना बरोबरच म्हणेन.

एफझेड३३० पूर्ण झूमपर्यंत २.८ ॲपर्चर देतो आणि ते ऐकायला भारी वाटतं. पण व्यास बघा, ३९ मिमी. लांबचा पक्षी कापून मोठा केला की त्यातला रवाळपणा एफझेड८२ इतकाच निघतो. त्याची खरी ताकद धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून असलेल्या संरक्षणात आहे.

यांतला कुठलाही कॅमेरा घेतला तरी उडत्या पक्ष्याची अपेक्षा ठेवू नका. त्यांचं ऑटोफोकस बसलेल्या पक्ष्यावर नीट काम करतं, झेपावणाऱ्यावर मागे पडतं. पी९५० सेकंदाला ७ फोटो घेतो, पण सलग १० झाले की कार्डवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. एफझेड८२ मध्ये सेकंदाला ३० चौकटींची ४के फोटो सोय आहे. त्यातून ८ मेगापिक्सेलचा फोटो निवडता येतो आणि अंघोळ करणाऱ्या, पंख झाडणाऱ्या पक्ष्यांसाठी ती फार उपयोगी पडते. घार, पाकोळी, भिंगरी यांचाच ध्यास असेल तर सुपरझूमचा नाद सोडून जुना डीएसएलआर (भिंग बदलता येणारा, आरशाचा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमीची ५.६ ॲपर्चरची लेन्स बघा. ३०० भागिले ५.६ म्हणजे ५४, जवळपास पी९५० इतकीच. चौकटीत पक्षी लहान येईल, पण फोकस त्याच्या मागे धावेल.

पानांच्या गर्दीत पक्षी शोधणं हा नवख्यांचा मोठा छळ असतो. कॅनन आणि निकॉन दोघांतही एक बटण दाबून ठेवलं की झूम तात्पुरता मागे येतो आणि सोडलं की पुन्हा आपल्या जागी जातो. पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही, तरी त्या बटणावर बोट बसू द्या.

सेटिंगचं फार मनावर घेऊ नका. शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद शक्यतो होऊ देऊ नका, कारण कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर थांबवतं, चिमणीची मान नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ८०० पर्यंत. डिजिटल झूम (फोटो कापून नुसता मोठा करणारा) बंद. फोकससाठी मधला एकच लहान चौकोन. सूर्य तुमच्या पाठीशी असेल अशा बेताने थाळी ठेवा आणि तिच्याजवळ एक काटकी रोवा. पक्षी पाण्यावर थेट उतरत नाहीत, आधी शेजारी बसून अंदाज घेतात आणि फोटो तिथेच मिळतो. थाळीतलं पाणी रोज बदला. अंगणात घरटं दिसलं तर तेवढे दिवस कॅमेरा दुसरीकडे वळवा. पक्ष्याला ओढून आणण्यासाठी त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग वाजवू नका.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकानात नुसता चालू करून बघणं पुरेसं नाही. झूम पूर्ण बाहेर काढा, लांबच्या पाटीवर फोकस करा, अक्षरं मोठी करून बघा. मग तोच प्रयोग मधल्या झूमवर करा. नळी बाहेर येताना अडखळते का, डुगडुगते का, हे हाताला कळतं. उजळ आकाशाचा एक फोटो घेऊन त्यात काळे ठिपके आहेत का तेही पाहा. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत शिरलेली धूळ घरी साफ करता येत नाही.