अ‍ॅमस्टलवेनमध्ये बाकफीट्स: दोन लहान मुलांसह सगळे ऋतू काढल्यानंतर

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या आईबाबांचा एक प्रश्न हमखास असतो: गाडी घ्यावी की बाकफीट्स? बाकफीट्स म्हणजे ती लांबलचक सायकल. पुढे पेटी, पेटीत बाकडं, त्यावर पट्टे लावून मुलं बसलेली आणि मागे आपण पेडल मारतोय. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलवेनमध्ये राहतो. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता वापरलेली, बॅटरीवाली, दोन चाकांची घेतली. त्यानंतर इथला पाऊस, थंडी, वसंत आणि आता पुन्हा उन्हाळा, सगळं तिच्यावरच काढलं. थोरला पाच वर्षांचा आहे, धाकटी दोनची. गाडी आमच्याकडे नाही.

माझं मत आधीच सांगते. परदेशात लहान मुलांना घेऊन राहताना आम्ही घेतलेली ही सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. तरीही प्रत्येकाने ती घ्यावी असं मी म्हणणार नाही.

आधी आमचं बाहेर पडणं असं असायचं: शनिवारी सकाळी बाबागाडी, डायपरची पिशवी, डबा, बाटल्या, जादाचे कपडे, आणि मग 5 नंबरची ट्राम. बाबागाड्यांची जागा भरलेली असली की पुढच्या ट्रामची वाट बघत उभं राहायचं. एवढा खटाटोप केल्यावर तासाभरात परत यायला मन होत नाही. मग आर्टिस प्राणिसंग्रहालयासारखं मोठं ठिकाण निवडायचं, तिकीट काढलंय तर सगळं बघून घ्यायचं, आणि दुपारी तीनच्या सुमारास धाकटी झोपेने रडवेली, थोरला चालायला तयार नाही, आम्ही दोघं एकमेकांवर वैतागलेले. ठिकाणाचा त्यात काही दोष नव्हता. लहान मुलांचा जीव दीड-दोन तासांचा असतो आणि आपण त्यांच्यावर आठ तासांचा बेत लादतो.

बाकफीट्सने नेमकं हेच बदललं. थोरल्याच्या शाळेला बुधवारी अर्धा दिवस असतो, इथल्या बऱ्याच शाळांना असतो. आता मी त्याला शाळेतून घेते आणि घरी न येता परस्पर अ‍ॅमस्टरडॅमसे बॉस या मोठ्या वनात जाते. डबा बाकड्याखाली, चिखलाचे बूट पेटीच्या कोपऱ्यात. दीड तास खेळून परत. धाकटी येताना पेटीतच झोपते. त्यासाठी ना बेत आखावा लागतो, ना तिकीट. पाऊस आला तर परत फिरतो आणि काही वाया गेलं असं वाटत नाही.

हे बॉस मूळचं जंगल नाही. महामंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम म्हणून 1934 पासून जमीन खोदून, झाडं लावून ते उभं केलं. आज ते जवळपास 1000 हेक्टर आहे आणि चढ म्हणाल तर एक टेकडी सोडून कुठे नाही. आमच्या मुलांचं तिथलं दैवत म्हणजे शेळ्यांचं फार्म, रिडामरहूवे. वसंतात पिल्लं झाली की दुधाची बाटली विकत घेऊन मुलांना ती पिल्लांना पाजता येते. पिल्लू दूध पिताना मान वर करून असा हिसका मारतं की दोन वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली राहत नाही. धाकटीने सुरुवातीला घाबरून सोडूनच दिली होती. आता ती पाय फाकवून उभी राहते, बाटली पोटाशी धरते, दोन्ही अंगठे बुचावर दाबते आणि पिल्लाला दरडावते, "हळू पी, ठसका लागेल." हे ती एकाच फेरीत शिकली नाही. पुन्हा पुन्हा तिथे जाता आलं, म्हणून शिकली.

एप्रिलच्या आसपास त्याच बॉसमध्ये चेरीचा बहर असतो. 2000 मध्ये इथल्या जपानी महिला मंडळाने 400 झाडं भेट दिली, त्यातल्या 200 झाडांना डच बायकांची आणि 200 झाडांना जपानी बायकांची नावं आहेत. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी दुपारी आरामात चटई अंथरता येते.

आता चालवण्याबद्दल. पहिले काही दिवस हँडल हातात आल्यावर काळजात धस्स होतं, कारण पुढचं चाक आपल्यापासून फार लांब असतं आणि आपण वळवल्यानंतर ते क्षणभराने वळल्यासारखं वाटतं. चाकाकडे बघायचं नाही, लांब रस्त्याकडे बघायचं, की तोल आपोआप येतो. मुलांना बसवण्याआधी रिकाम्या पेटीत तांदळाच्या गोण्या ठेवून मोकळ्या जागेत फिरवा. दुहेरी स्टँडवर सायकल नीट उभी केल्याशिवाय मुलाला आत चढू देऊ नका आणि पट्टे लावल्याशिवाय स्टँड काढू नका. हा क्रम अंगवळणी पडलाच पाहिजे. शहरात ट्रामचे रूळ ओलांडताना काटकोनात ओलांडा. पुढचं चाक लहान असतं आणि रुळाच्या खाचेत अडकू शकतं.

दोन चाकी की तीन चाकी हा वाद इथे नेहमीचा. तीन चाकी उभी असताना पडत नाही, पण वेगात वळली तर आतलं चाक उचललं जातं. दोन चाकी उभी करताना जोर लागतो, पण चालताना ती साध्या सायकलीसारखी कलते. रोजच्या लांब फेऱ्या असतील तर माझा कौल दोन चाकीलाच. बॅटरीची मदत नियमाप्रमाणे ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मिळते आणि मुलं पुढे असताना त्याहून जास्त वेग मला नकोच असतो.

थंडीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. आपण पेडल मारतो म्हणून आपल्याला घाम येतो, आणि समोर मूल हालचाल न करता बसलेलं असतं. आपल्याला गरम होतंय म्हणजे त्यालाही होत असेल, हा अंदाज धोक्याचा आहे. तापमान शून्याच्या जवळ असेल तर मुलाला आपल्यापेक्षा दोन थर जास्त घाला. बाकड्यावर मेंढीचं कातडं अंथरा, पायांवर पांघरूण द्या, आणि दर थोड्या वेळाने थांबून मानेखाली हात घालून बघा. बोटं आणि नाक थंड असली तर चालतं, मान थंड लागली तर घरी फिरा. बॅटरीही थंडीत लवकर उतरते. आमची उन्हाळ्यात 45 किलोमीटरच्या आसपास जाते, जानेवारीत 30 ला दम टाकते. जाहिरातीतल्या आकड्यांवर बेत आखू नका.

पावसाचा प्रश्न पेटीवरच्या तंबूने सुटतो. आत मुलं कोरडी, उबदार आणि बाहेर पाऊस बघत खूश. ब्योइनराडार, म्हणजे पाऊस कधी येणार ते दाखवणारं अ‍ॅप, बघून निघायची सवय इथे सगळ्यांनाच लागते. खरा शत्रू पाऊस नाही, वारा आहे. बाजूचा वारा आला की तंबू शिडासारखा फुगतो आणि पुलावर सायकल चक्क सरकते. जोराच्या वाऱ्यात आम्ही तंबू लावून निघतच नाही.

वाऱ्याचं गणित आम्हाला लिस या गावी जाताना नीट कळलं. ट्युलिपच्या दिवसांत तिथल्या कोइकेनहॉफ या फुलांच्या बागेच्या आसपासची शेतं मुलांना दाखवायची होती. वाटेत हारलेमरमेअर लागतं. हे एके काळी मोठं सरोवर होतं, 1852 मध्ये पाणी उपसून कोरडं केलेलं. त्यामुळे जमीन समुद्रसपाटीच्या खाली, सपाट आणि चहूकडून उघडी, आडोसा कसलाच नाही. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे जाताना थेट तोंडावर. लिसला पोचेपर्यंत बॅटरी निम्म्याहून खाली आली होती. येताना तोच वारा पाठीशी होता म्हणून आरामात परतलो. लांबची फेरी असेल तर जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून मिळेल असा दिवस निवडा, उलट नको. मुलं येताना थकलेली असतात, तेव्हा तुमचे पायही थकलेले नकोत.

जवळच्या फेऱ्यांसाठी आमचं आवडतं ठिकाण आम्स्टेलपार्क. 1972 च्या फ्लोरिआडे या बागकामाच्या प्रदर्शनासाठी केलेली ही बाग, आत मुलांची छोटी आगगाडी आणि खेळायची जागा आहे. तिथून नदीकडे गेलं की 1636 मधली रीकर पवनचक्की लागते. पवनचक्कीशेजारी गवतावर बसून थालीपीठ आणि लोणचं खाल्लं की मुलांना दुसरं काही लागत नाही. वाटेवर सायकलींसाठीचे आकडे लिहिलेले हिरवे-पांढरे फलक असतात. पुढचा आकडा मनात ठेवून त्या दिशेने जात राहायचं. थोरला पेटीतून तो आकडा आधी ओरडून सांगतो. दोन आकडी संख्या तो घरातल्या पाटीपेक्षा या फलकांवरच जास्त शिकला. मूल मागच्या सीटवर असताना त्याला आपली पाठ दिसते, पेटीत त्याला रस्ता दिसतो आणि आपल्याला त्याचं बोलणं ऐकू येतं. बगळा, बोट, उघडणारा पूल, सगळ्यावर मराठीत गप्पा चालतात. घराबाहेर दिवसभर डच ऐकणाऱ्या मुलांसाठी मला हा वेळ फार मोलाचा वाटतो.

वसंतात माझे आईबाबा पुण्याहून आले होते, शेंगेन व्हिसाचे 90 दिवस. बाबांची उभी नोकरी खडकीला सायकलने जाण्यात गेली. त्यांच्यासाठी साधी डच सायकल भाड्याने घेतली. तिला उलट्या पेडलचा ब्रेक असतो. सिग्नलला थांबल्यावर पेडल मागे फिरवून पाय नीट लावायची त्यांची जुनी सवय, त्यामुळे पहिल्या दिवशी सायकल जागच्या जागी अडायची. दोन दिवसांत जमलं आणि मग ते रोज आमच्या बाजूने चालवायला लागले. सायकलींना वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल, आणि गाडीवाला थांबून वाट देतोय, हे बघून ते हरखून गेले होते. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. पेटीची वजनमर्यादा बघून धाकटीच्या शेजारी तिलाच बसवलं आणि चेरीच्या बहरापर्यंत नेलं. पायी तिला ते झेपलं नसतं.

आता तक्रारी. पेटीत झोपलेल्या मुलाची मान पुढे कलते, त्याला आधार देणारं काही नसतं. मानेभोवतीची छोटी उशी कायम सोबत ठेवावी लागते. दोन मुलं शेजारी बसली की कोपरांची मारामारी ठरलेली, लांबच्या फेरीत तर मध्ये दप्तर ठेवावंच लागतं. आगगाडीत बाकफीट्स नेता येत नाही, त्यामुळे तिची सीमा बॅटरीपुरतीच. साध्या सायकलींच्या स्टँडमध्ये ती मावत नाही. मोठ्या स्थानकांवर, उदाहरणार्थ उट्रेख्तच्या 12,500 सायकलींच्या वाहनतळात, मोठ्या सायकलींना वेगळी जागा असते, पण छोट्या गावात खांब शोधत फिरावं लागतं. आणि दुरुस्ती! जवळच्या दुकानाने "ही आमच्या स्टँडवर उचलता येत नाही" म्हणून मागचं पंक्चर काढायलाच नकार दिला. दुसऱ्याने आठवडाभरानंतरची वेळ दिली. घेण्याआधी जवळपास कोण दुरुस्त करतो ते फोन करून विचाराच.

पैशांचं म्हणाल तर नवी चांगली बॅटरीवाली 5000 युरोंच्या पुढे सहज जाते. वापरलेली निम्म्यात मिळू शकते. मजबूत कुलपं आणि चोरीचा विमा यांचा खर्च वेगळा धरा, विम्याशिवाय ठेवूच नका. वापरलेली घेताना सांगाडा नीट तपासा, विशेषतः पेटीखालची जोडणी. फेब्रुवारी 2024 मध्ये सांगाडे तुटत असल्याच्या तक्रारींवरून एनव्हीडब्ल्यूए या सरकारी संस्थेने बाकफीट्स बनवणाऱ्या बाब्बू कंपनीला विक्री थांबवायला लावली आणि काही मॉडेल परत मागवली गेली. म्हणून सांगाड्याचा क्रमांक कंपनीच्या यादीत पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका. बॅटरी किती जुनी आहे, किल्ल्या दोन्ही आहेत का, पट्टे कुरतडलेले नाहीत ना, हेही बघा.

वरच्या मजल्यावर राहत असाल आणि खाली बंदिस्त जागा नसेल तर घेऊ नका. मूल एकच असेल आणि शाळा जवळ असेल तर साध्या सायकलीला पुढेमागे सीट पुरते. वर्ष-सहा महिन्यांत भारतात परतायचं असेल तर महिन्याच्या भाड्याने मिळते का ते बघा. मुलं साधारण सहा-सात वर्षांची झाली की स्वतःच्या सायकलीवर येतात. थोरला आत्ताच सपाट रस्त्यावर माझ्या शेजारून चालवतो, वारा असला की मी एक हात त्याच्या पाठीला लावते, जसं इथले सगळे आईबाप करतात. तुमचं मूल पाच-साडेपाचचं असेल तर इतका खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. दीड-दोनचं असेल तर उशीर करू नका. आणि घ्यायचं ठरवण्याआधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणून चालवून बघा, शक्यतो वाऱ्याचा दिवस गाठून.