केराटोकोनस: टोपोग्राफी करावी की टोमोग्राफी?

केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. हा आजार आणखी वाढतोय का, हे कळायला मुख्यतः दोन तपासण्या.

टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणं, जुनी. १८८० साली पोर्तुगालच्या अँटोनियो प्लासिदो यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचं डोळ्यातलं प्रतिबिंब पाहिलं. आजचं यंत्र तेच संगणकावर मोजतं. स्वस्त आणि झटपट, पण दिसतो फक्त पुढचा पृष्ठभाग. डोळा कोरडा असला की वर्तुळं तुटक उमटतात आणि नकाशा फसवतो.

टोमोग्राफीत, उदाहरणार्थ पेंटाकॅम या यंत्रात, कॅमेरा गोल फिरून साधारण २ सेकंदांत कॉर्नियाचे छेद टिपतो. मागचा पृष्ठभाग कळतो, जागोजागची जाडीही. आजाराची सुरुवातीची खूण बऱ्याचदा मागेच सापडते, म्हणून खर्च जास्त असला तरी माझं मत हिलाच. डोळे चोळण्याचा या आजाराशी संबंध आहे, त्यामुळे सतत डोळे चोळणारं पोर घरात असेल तर नक्कीच.

मात्र एका स्कॅनवरून भाकीत होत नाही. काही महिन्यांनी पुन्हा करायचा, तोही त्याच यंत्रावर! कॉर्नियाची कमाल वक्रता वर्षभरात १ डायॉप्टरने (वक्रता मोजायचं एकक) वाढली, की बरेच डॉक्टर क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे कॉर्निया घट्ट करून आजार थोपवणाऱ्या उपचाराचा, विषय काढतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती किती दिवस आधी काढायची, तेही विचारून घ्या.