अंगाच्या उष्णतेवर चालणारा आर्मबँड, कोल्हापूरच्या हवेत वापरून बघितला

ऑनलाइन मागवलेला हा आर्मबँड मी हिवाळ्यापासून वापरतोय. कापडात बिस्मथ टेल्युराइडचे (उष्णतेच्या फरकावर वीज तयार करणारा पदार्थ) बारीक तुकडे बसवलेत, कातडीकडची बाजू गरम आणि बाहेरची गार, या फरकावर करंट तयार होतो आणि त्यावर छोटा एलइडी आणि टेंपरेचर सेन्सर चालतो. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञानं 1821 मध्येच हे दाखवलेलं, पण ते कापडात बसवणं लई अवघड आहे बघा. आमच्या घरचे इचलकरंजीत लूम, त्यामुळं मी आधी पट्टा उलटा करून वीणच बघितली, तांब्याची तार सरळ न टाकता नागमोडी टाकलीय, म्हणून इलॅस्टिक ताणलं तरी तार तुटत नाही. एक नंबर काम केलंय.

जानेवारीत पहाटे पन्हाळ्यावर गेलो तेव्हा बांधल्या बांधल्या एलइडी लागला, चढावर तर अजून झक्कास. पण एप्रिलमध्ये राजारामपुरीत दुपारी एकदम बंद. कातडी 33-34 अंश आणि बाहेर 37-38, मग उष्णता उलटी आत यायला लागते आणि यातलं सर्किट एकाच दिशेचा करंट घेतं. मग मी वरच्या बाजूला ओलं सुती फडकं गुंडाळलं, पाणी उडायला लागलं की माठासारखी ती बाजू गार होते, आणि खरंच एलइडी परत लागला! म्हणजे आपल्या हवेसाठी असलं कापड करायचं तर वरचा थर घाम ओढून वाऱ्यावर सुकवणारा पाहिजे, आणि ती वीण आपल्याकडचे कारागीर नक्की काढतील असं मला मनापासून वाटतं.

जाहिरातीत मोबाईल चार्ज होतो लिहिलंय ते मात्र साफ खोटं, विकणाऱ्यानं ते काढून टाकावं. निवांत बसलेल्या माणसाच्या अंगातनं साधारण 100 वॅट उष्णता बाहेर पडते हे खरं, पण ती सगळ्या अंगातनं, आणि 5 अंशांचा फरक असला तर भौतिकशास्त्राच्या नियमानंच त्या उष्णतेच्या 2 टक्क्यांच्या आत वीज मिळते, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी. एवढ्याशा पट्ट्यातनं फार तर काही मिलिवॅट, आणि मोबाईलला साधा चार्जर पण 5 वॅटचा लागतो. घड्याळाचं वेगळं, त्याला मायक्रोवॅट पुरतात, सेइकोनं 1998 मध्येच असलं घड्याळ काढलेलं.

शिकणाऱ्या पोरांसाठी जरूर घ्या, माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन. मशीनमध्ये धुऊ नका, सर्किटचा डबा काढून हातानंच धुवा. आणि दंडाचा घेर मोजूनच साइज मागवा, सैल बसला की मधे हवा राहते आणि करंट लगेच पडतो.