रविवारी समुद्र आखायला गेलो होतो

सागरी संरक्षित क्षेत्र किनाऱ्यावर नेमकं कुठे आखायचं, यावर लॉ कॉलेज रस्त्याच्या एका गल्लीत दिवसभराची कार्यशाळा होती. फी बाराशे. मी मूळचा मालवणचा, तीस वर्षं धायरीत. म्हटलं, आमचा समुद्र पुणेकर कसा वाटून घेतात ते बघून येऊ.

१०ची वेळ, सुरुवात पावणेअकराला. दिवसभर माशांवर बोलून जेवायला मटकीची उसळ. असो.

शिकवणाऱ्या ताई मात्र तयारीच्या. टेबलावर सिंधुदुर्ग किनाऱ्याचा मोठा नकाशा, त्यावर चौकोन. लाल टिकली म्हणजे प्रवाळ, हिरवी म्हणजे समुद्री गवत, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: तिथली मासेमारी बंद केली तर बुडणारे रुपये. ३० टक्के प्रवाळ राखायचं, तेही कमीत कमी नुकसानीत. आधी हाताने, मग लॅपटॉपवर मार्क्सनने. हे सॉफ्टवेअर ‘हीच जागा’ असं सांगत नाही. शेकडो वेळा जुळणी करून कुठला चौकोन किती वेळा निवडला गेला ते दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरणही छान रंगवलं. २००४ साली तिथे मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेला, पण त्याआधी लोकांची ३१ हजारांवर निवेदनं आली होती.

आणि मालवण? १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य एका स्लाइडमध्ये आटोपलं. खाली एवढंच: ‘स्थानिकांचा विरोध’. का, ते नाही.

ते ‘का’ आमच्याच टेबलावर निघालं. गटातल्या पोरांनी किनाऱ्याला चिकटलेले पाच चौकोन पटापट बंद केले. प्रवाळ भरपूर आणि आकडे लहान, म्हणजे स्वस्तात काम! खोलातले चौकोन महाग, कारण तिथे ट्रॉलरची मासळी. मी म्हटलं, अरे, त्या पाचांत रापण लागते. होडी जाळं अर्धगोल सोडत परत किनाऱ्याला येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूत टाचा रोवून ओढतात. ट्रॉलर दहा मैल पुढे जाईल, रापणकाराने वाळू कुठे न्यायची?

ताईंनी वाद घातला नाही. ‘काका, मग तुम्हीच भरा,’ म्हणून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी पाचही आकडे तिप्पट केले. पुन्हा चालवलं, तर बंद चौकोन किनारा सोडून बाहेरच्या खडकांकडे सरकले. बाराशे तिथेच वसूल.

जायचं असेल तर जरूर जा, फक्त चारचाकी नेऊ नका.

रात्री मालवणातल्या दांडीच्या चुलतभावाला फोनवर सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तो आकडो कोणी घातल्यान?’

मीच, म्हटलं. अंदाजाने.