मॅरिलियनचा पहिला अल्बम: कित्येक महिने ऐकल्यावर

मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव निघालं की ‘जेनेसिसची (त्यांच्या आधीच्या ब्रिटिश बँडची) नक्कल’ हा शेरा ठरलेलाच. ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ या पहिल्या अल्बमबद्दल त्यात तथ्य आहे, पण ते पहिल्या चार-पाच वेळा ऐकण्यापुरतं. पुढे मार्क केलीचे कीबोर्ड मागे सरतात आणि दोन गोष्टी उरतात: गायक फिशचे शब्द आणि स्टीव्ह रॉदरीची गिटार.

अल्बम मार्च १९८३चा. ब्रिटनमध्ये सिंथ-पॉपची, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांची, चलती होती, लांबलचक रॉक गाणी कालबाह्य ठरली होती. तरी तो तिथल्या अल्बमच्या लोकप्रियता यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोचला. गाणी सहाच, त्यातली चार आठ मिनिटांहून मोठी. शीर्षकगीत फिशच्या एकट्या आवाजाने सुरू होतं, मग पियानो येतो. आजही ती पहिली ओळ आली की माझं हातातलं काम थांबतं.

सगळ्यात जास्त ऐकलं ते ‘चेल्सी मंडे’. पीट ट्रेवावसच्या संथ बेसवर लंडनमधल्या एका मुलीची गोष्ट उलगडते. प्रसिद्धीची स्वप्नं पाहणारी, खोलीत एकटी. रॉदरीचा सोलो वेगाच्या मागे लागत नाही. एकेक सूर धरून ठेवतो, वाकवतो, आणि त्या मुलीला जे बोलता येत नाही ते तो बोलतो. शेवटी थेम्समधून एका तरुणीला बाहेर काढल्याची बातमी कुणीतरी सहज गप्पांत सांगून जातं. तिथे फिशने आवाज अजिबात चढवलेला नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

‘फरगॉटन सन्स’ उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या ब्रिटिश सैनिकांबद्दल आहे. मधल्या भागात पहारेकरी ‘कोण आहे?’ विचारतो आणि उत्तर येतं, ‘मृत्यू’. हे गाणं मी दुसरं काही करताना लावत नाही. ‘गार्डन पार्टी’ उच्चभ्रूंची टर उडवतं, मजेदार आहे, पण लवकर जुनं होतं. ‘द वेब’ मधेच रेंगाळतं.

खरी उणीव ड्रम्सची. मिक पॉइंटर ताल सांभाळतो, पण गाणं वळण घेतं तेव्हा त्याला पुढे ढकलत नाही. त्याच वर्षी बँडने त्याला काढलं. १९८४च्या ‘फुगाझी’ या पुढच्या अल्बमवर ड्रमर इयन मोझ्ली ऐकला की फरक लगेच कळतो.

२०२०मध्ये अँडी ब्रॅडफील्ड आणि अ‍ॅव्हरिल मॅकिंटॉश यांनी केलेलं पहिल्या अल्बमचं नवं मिक्सिंगही (आवाज आणि वाद्यं यांची नव्याने केलेली जुळणी) आलं. त्यात बेस मोकळा ऐकू येतो, हेडफोनवर ते सुखावतं. पण फिशचा आवाज मला जुन्या मिक्समध्येच अधिक जवळचा वाटतो, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तेच लावावं, आणि सुरुवात रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूने करावी.