पावसाळाभर सह्याद्रीत ऑफलाइन नकाशा वापरल्यावर

जूनमध्ये मोबाईलवर ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या) आधाराने चालणारं एक मोफत ऑफलाइन नकाशाचं ॲप घेतलं. आता दिवाळी उलटली. पाऊस, धुकं, डोक्यावर गेलेली कारवी, सगळ्यात ते वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

जीपीएस चालायला मोबाईलची रेंज लागत नाही, हे आजही बऱ्याच ट्रेकर्सना पटत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो. मात्र रेंज नसेल तर सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून लोकेशन पायथ्याच्या गावातच चालू करायचं आणि आपली जागा दाखवणारा ठिपका स्थिरावला की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. रेंज शोधत बसणारा फोन बॅटरी फार लवकर संपवतो. तरी पॉवर बँक हवीच.

खरा कस लागला हरिश्चंद्रगडावर. खिरेश्वरहून तोलार खिंडीत आलं आणि रेलिंगचा कातळटप्पा चढलं की पुढे टेकड्यांमागून टेकड्या. ऑगस्टच्या धुक्यात त्या सगळ्या सारख्याच, आणि ढोरवाटा मळलेल्या वाटेपेक्षा ठळक. ठिपका नकाशावरच्या वाटेच्या रेषेपासून सरकायला लागला की वीस-तीस पावलांतच कळायचं. मागे फिरायचं, रेषेवर यायचं, पुढे निघायचं. मंदिरापर्यंत कुठेही घोळ झाला नाही.

पण नकाशा कडा दाखवत नाही, तो आपल्याला वाचावा लागतो. समोरचं गाव सरळ रेषेत अर्धा किलोमीटर दिसतं आणि मध्ये दोन-तीनशे मीटरचा तुटलेला कडा असतो. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटल्या असतील तिथे उतरायचा विचारही करू नका. दुसऱ्याचा ट्रॅक, म्हणजे तो चाललेल्या वाटेची नोंद, घेतानाही जपून. दोर लावून उतरलेल्यांची रेषा आणि गुराख्याच्या वाटेची रेषा पडद्यावर सारखीच दिसते. बेलपाड्याहून गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत सिग्नल कातळावरून परावर्तित होतात आणि ठिपका उड्या मारतो. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे फोन झिपलॉक पिशवीत हवा आणि टिपायला कोरडा रुमाल. वाटाड्या मिळत असेल तर तो घ्याच. कुठला ओढा कधी फुगतो हे त्याला ठाऊक असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हा नकाशा जितका आपल्यासाठी आहे, तितकाच आपल्याला शोधायला येणाऱ्यांसाठी आहे. 'हरिश्चंद्रगडावर अडकलोय' एवढ्यावर शोधपथक कुठून चढणार? खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, पाचनई अहिल्यानगरमध्ये, बेलपाडा ठाण्यात. गड एकच, पण गाडीने एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्याला जायचं तर काही तास मोडतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव गटांतली माणसं आपापले कामधंदे सोडून रात्री-अपरात्री येतात. त्यांचे ते तास वाचवणं आपल्या हातात आहे.

त्यासाठी ॲपमधल्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश येतात. ते दशांशातच ठेवा आणि सांगतानाही तसंच सांगा, 'एकोणीस दशांश तीन नऊ'. 19.39 हे कुणी 19 अंश 39 मिनिटं असं लिहून घेतलं, तर जागा साधारण 29 किलोमीटर उत्तरेला सरकते. दशांशानंतर निदान चार आकडे द्या, म्हणजे चूक दहा-बारा मीटरच्या आत राहते. 112 या आपत्कालीन नंबरला फोन लागला तर उत्तम. आवाज तुटत असेल तर घरच्यांना एसएमएस करा. कॉल टिकत नाही तिथेही तो बऱ्याचदा निघून जातो. त्यात आकडे, किती जण आहेत, जखम काय आणि कुठल्या गावातून चढलात एवढं लिहा. मग जागा सोडू नका. जागा कळवून पुढे चालत राहिलात, तर पथक रिकाम्या जागी पोचतं.

सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, का घेतला नाही, असं विचारतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो आपल्या देशात वापरता येत नाही. त्यामुळे परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवायच्या भानगडीत पडू नका.

ॲप मी ठेवणार आहे. सोबत शिट्टी, हेडटॉर्च आणि कागदावरचा नकाशा असतोच. निघायच्या आदल्या रात्री ट्रॅकची फाईल, पायथ्याच्या गावाचं नाव आणि उतरायची वेळ घरी पाठवते. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, ते नंबर फ्रिजवर लावलेत.