तरवडाच्या बियांचं पाकीट: बी चांगलं, लेबल अपुरं

तरवड माळावर आणि मुरमाड उतारावर कुणी न लावता फुलतो. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उघड्या पडलेल्या रानातही तो टिकून राहतो. नवरात्रात घटाला त्याच्या पिवळ्या फुलांची माळ लागते. तेलंगणात हाच तंगेडू, तिथलं राज्यफूल, बतुकम्मा या फुलांच्या सणातल्या रचनेत हवाच. शहरात माळ उरला नाही, म्हणून बी पाकिटात आलं.

पाकिटातलं बी चांगलं आहे: चपटं, तपकिरी, टणक. तरी पाण्यात टाकून बघावं. वीसपैकी एखाद-दुसरं तरंगलं तर चालेल, पाच-सहा तरंगली तर भुंगेऱ्यांनी पोखरलेली समजून पाकीट परत करावं.

लेबलवर मात्र ‘पेरा आणि पाणी द्या’ एवढंच. तसं पेरलं तर बी महिनोन् महिने मातीत पडून राहतं आणि घेणारा बियाण्याला दोष देतो. खरं कारण साल. ती इतकी कठीण की पाणी आत शिरतच नाही. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटं थांबावं, मग बियांवर ओतून रात्रभर ठेवावं. सकाळी फुगलेले दाणे पेरावेत. न फुगलेल्यांची साल पॉलिश पेपरवर एका कडेला जराशी घासून पुन्हा भिजवावी. बी गॅसवरच उकळलं तर अंकुर मरतो.

पेरणी एक सेंटिमीटर खोल, लांबट पिशवीत, कारण सोटमूळ लवकर खाली धावतं. माती मुरमाड, वाळू मिसळलेली. रोज पाणी घातलं की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. रोप वीतभर झालं की पावसाळ्यातच जमिनीत लावावं, नाहीतर मूळ पिशवीत वेटोळं घेतं.

‘जमिनीत नत्र वाढवतो’ हा पाकिटावरचा दावा चुकीचा आहे. शेंगवर्गातला असला तरी तरवडाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. अशा गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या खतावर, म्हणजे रायझोबियमवर, खर्च करू नये.

तयार रोप घेणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण पिवळ्या फुलांची दुसरी झुडपंही याच नावानं विकली जातात. पानाच्या देठाशी बघा: तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी रुंद हिरवी उपपर्णं असतात, आणि समोरासमोरच्या पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक उभी ग्रंथी. टाकळ्याला ती खालच्या दोन-तीन जोड्यांतच दिसते. फुलाच्या पाकळीवर नारिंगी-तपकिरी शिरा हव्यात.

जवळ माळ असेल तर पाकीट घेऊच नये. शेंगा वाळून कागदासारख्या खुळखुळायला लागल्या की चार-पाच तोडाव्यात. एका शेंगेत दहा-बारा तरी बिया निघतात. बाकीच्या शेंगा झाडावरच राहू द्याव्यात.